खाऱ्या पाण्याची बरबटी

“काऊन वं शालू, अजूनबी टणकच?” शेजारच्या भिमाबाईनं डावातला दाणा बोटांत दाबला. दाणा चेपला नाही, टुणकन उडून राखेत पडला.

“शिजतीन, काकू.”

“सूर्य डोक्यावर आला, आन् शिजतीन म्हन्ते! बुढीचा जीव अडकला आसंन त्याच्यात.”

शालूबाईनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं. आज सासूची, मनकर्णाबाईची तेरवी. म्हातारीला बरबटीची, म्हणजे चवळीची उसळ फार आवडायची, म्हणून तीच उसळ आज चुलीवर होती. म्हातारी अचानक गेली, एक शब्द न बोलता. सुनेनं धड पेजही पाजली नाही, अशी कुजबूज तेव्हापासून होती. आता ओसरीवरच्या बायकांना साक्षच मिळाली.

शालू सोनाळ्याची, गोड्या पाण्याच्या गावची. दोष कशाचा हे तिला ठाऊक होतं. नवा महाराष्ट्र झाला, पण या खारपाणपट्ट्यातल्या आडांचं पाणी काही गोड झालं नव्हतं. खाऱ्या पाण्यात दाण्याची साल चिवट होते, दाणा आतून फुलत नाही. एरवी उसळीला या गावातल्या एकुलत्या गोड्या विहिरीचं पाणी आणत. पण तेरवी उरकेपर्यंत सुतकातल्या घराची घागर त्या विहिरीत बुडत नसे. दाणे भिजले खाऱ्यात, शिजत होते खाऱ्यात. वर कुणीतरी घाईनं चिंचेचा कोळ ओतला होता. आंबट पडलं की दाणा आणखीच हट्टाला पेटतो.

तिचा नवरा निवृत्ती ओसरीवर बसलेल्या चुलत्याजवळून उठून दारात आला. “नैवेद्य खोळंबला, त्याच्या आंधी कोनाले जेवता येत नाही. पुंजाजीकाका म्हन्ते, बुढी नाराज हाय. तू काही केलं का तिले?”

“पाणी खारं हाय हो! कोनाकडून गोडं मागून आना न.”

“सुतकाच्या घरात कोन देईन?” तो तिच्याकडं न पाहता वळला.

शालू उठली. उतरंडीच्या गाडग्यातला मूठभर पापडखार तिनं पातेल्यात टाकला. फेस भसकन वर चढला, बसला. थोड्या वेळानं दाणे फुटू लागले, लोण्यासारखे.

“शिजली वं काकू!”

भिमाबाई पातेल्याकडं पाहतच नव्हती. “काय टाकलं ते? पांढरं?”

“पापडखार.”

“हाव. बुढीच्या पेजेतबी हाच व्हता का?”

पत्रावळी मांडलेल्या होत्या, पण पंगतीला कुणी बसेना. नैवेद्याचं ताट भरायलाही कुणी पुढं येईना.

शालूनं पत्रावळ ओढली, उसळ वाढून घेतली आणि सगळ्यांसमोर घास तोंडात कोंबला. खार जास्त झाला होता, साबणासारखा लागत होता. ती चावत राहिली. गिळून तिनं मान वर केली.

“पाह्यलं का?” पुंजाजीकाका हळूच म्हणाले. “बुढीच्या आंधी जेवली.”