माझा आवाज थांबला तेव्हा

मी एक जुना पंखा आहे. छताचा नव्हे. संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाचा एक चिमुकला चौकोन असतो. काम करता करता तो तापतो. त्याच्या डोक्यावर बसून त्याला वारा घालायचा, एवढंच माझं आयुष्य. खाली धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि वर मी, तळहाताएवढा.

मित्रांनो, नवा होतो तेव्हा मी कुजबुजल्यासारखा फिरायचो. मी ज्या घरी आलो तिथली ताई घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. "किती गुणी आहे बघा, असल्याचा पत्ताच नाही," असं तिने आपल्या बाबांना सांगितलं होतं. त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. पण पेटी पुन्हा कुणी उघडली नाही. पात्यांमध्ये धूळ गादीसारखी बसली. वारा अडला की प्रोसेसर तापणार, तो तापला की मी जीव तोडून फिरणार. फिरून फिरून माझा कणा झिजला आणि मी घरघरू लागलो.

त्याच सुमारास बाबा अंथरुणाला खिळले. त्यांचा पलंग ताईच्याच खोलीत, खिडकीशी लावला. आजारात त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. म्हणून ताईने उशाशी घंटी ठेवली, तर त्यांनी ती गादीखाली सारली. उभा जन्म हॉटेलच्या काउंटरवर काढलेला माणूस तो.

"लोकांनी घंटी वाजवली की मी धावायचो," ते म्हणाले. "पोरीपुढे मी वाजवायची नाही."

मग ते हाका मारत. ताई पाठमोरी बसलेली आणि मध्ये माझी घरघर. एका दुपारी हाका मारून थकले, स्वतःच उठायला गेले आणि पडले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

ताईचा मोठा भाऊ परगावाहून धावत आला. एरवी तो तिला कान तपासून घे म्हणून चिडवायचा. त्या दिवशी त्याने चिडवलं नाही. बाबांना आपल्याकडे नेतो म्हणाला आणि त्यांचे कपडे बांधायलाही घेतले. "तुला ऐकूच येत नसेल, तर इथे त्यांनी कुणाच्या भरवशावर राहायचं?" बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. ताईने रविवारपर्यंतची मुदत तेवढी मागून घेतली आणि संगणक बंद केला.

तेव्हा तिला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या पेटीकडे.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या बाई आल्या. त्यांनी धूळ काढली, मला बोटाने फिरवून पाहिलं आणि आता हा कितीही पुसला तरी ओरडणारच, असं सांगितलं. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढाच वारा देतो, म्हणून तो शांत असतो. हे ऐकून ताईने सगळ्यात मोठाच आणला. तो इतका उंच निघाला की पेटीचं झाकणच लागेना.

"पाहुणा बोलावलास, पण दाराची उंची नाही बघितलीस," बाई म्हणाल्या.

मग माप घेऊन एक बुटका, रुंद पंखा आणला. रंगीत दिव्यांचाही एक होता, त्याच्याकडे ताईने पाहिलंसुद्धा नाही. मला उतरवून टेबलावर ठेवलं. नवा सुरू झाला. प्रोसेसर तापावा म्हणून ताईने मुद्दाम सगळ्यात अवजड नकाशा उघडला आणि पलंगाकडे पाठ करून बसली. दादा दारात उभा होता.

"बाबा, काहीतरी बोला."

मित्रांनो, घरघरू लागल्यापासून फिरताना मला माझ्याशिवाय काहीच धड ऐकू येत नसे. ती खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

"जेवलीस का?" पलंगावरून आवाज आला.

ताई न वळताच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही पाणी मागत असाल."

"पाणी कधीतरी. हे रोजच विचारतो."

"पडलात त्या दिवशीही हेच विचारत होतात?"

"दुपार टळली होती. तू जागची हललीच नव्हतीस."

दादाने बांधलेले कपडे सोडले आणि एकेक करून कपाटात परत लावले.

मी आता खणात असतो, स्क्रूच्या डबीशेजारी. माझं मागणं मोठं नाही. आम्हा पंख्यांची पेटी अधूनमधून उघडा, धूळ हलक्या हाताने झाडा. आणि तुमच्या घरात एखादी गोष्ट सतत घरघरत असेल, तर ती थोडा वेळ बंद करून बसा. तिच्या आड कुणीतरी केव्हाचं काही विचारत असेल.

खण बंद असला तरी मला बाहेरचं ऐकू येतं. रोज दुपारी बाबांचा तोच प्रश्न येतो, आणि त्यामागून ताईच्या ताटाचा आवाज.