सोनेरी शाईची सही

माझं अक्षर चांगलं आहे, हे मला कुणी सांगावं लागत नाही. जळोचीच्या शाळेत हेडमास्तर स्वतःचा रजेचा अर्जही माझ्याकडून लिहून घेतात आणि वर म्हणतात, "ठीक आहे, कौसल्याबाई." ठीक! त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा, पण बोलायचं कुणी?

म्हणून बारामतीच्या पेठेतल्या वह्या-पेनवाल्या महिपतीनं स्वतः केलेल्या शाईची बाटली माझ्यापुढं ठेवली, तेव्हा मला नवल वाटलं नाही. ती तो दुसऱ्या कुणाला दाखवणार? हिरव्या शाईत त्यानं तसबिरीच्या चौकटींना लावतात ती सोनेरी भुकटी कालवली होती आणि ती धरून राहावी म्हणून बाभळीचा डिंक घातला होता.

"बाई, अशी शाई पुन्यात बी मिळायची न्हाय," तो म्हणाला. "आदी चालवून बगा, मंग बोला."

ती चालवून बघायला मी रविवारी दुपारी बसले, तेव्हा समोर प्रयागमावशी होत्या. कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि मेथी पिकवणारी ही बाई वर्षभर माझ्या प्रौढांच्या वर्गाला येत होती. येत्या गुरुवारी भाजीवाल्यांच्या नव्या सोसायटीचे पंच नेमायचे होते आणि लोकांनी मावशींचं नाव घातलं होतं. अडत्याशी भांडावं तर त्यांनीच. पण सोसायटीचा नियम असा की पंचाला सही करता आली पाहिजे, अंगठा चालणार नाही. सेक्रेटरी हिंदुरावांना ती जागा मेव्हण्यासाठी हवी होती. ते चौकात सांगत फिरत होते, "प्रयागबाईची सही बगायला म्या चष्मा पुसून ठेवलाय." हे ऐकल्यापासून माझं डोकं फिरलेलं होतं.

बाटलीत सगळं सोनं तळाशी बसलं होतं. हलवलं तशी शाई ढवळल्या वरणासारखी गढूळ झाली. ड्रॉपरनं पेनात भरली आणि पहिली ओळ काढली, तर नुसती हिरवी. महिपतीला मनात दोन शिव्या घातल्या. मग कागद उचलून दाराच्या उजेडाकडं कलता धरला आणि त्या शिव्या परत घेतल्या. जिथं शाई दाट साचली होती तिथं अक्षरांच्या कडांना सोनं चमकत होतं. वेलांटीचं वळण तर असं झळकलं की माझीच मला दृष्ट लागावी.

दुसऱ्या ओळीला पेन अडलं. निबेखालची जिभली काढली, भुकटी अडकली होती ती कोमट पाण्यानं धुतली आणि शाईत चार थेंब पाणी घातलं. तिसऱ्या खेपेला पेन सुतासारखं सरळ चालू लागलं. मग ते मावशींच्या हाती दिलं. जीभ दातांत धरून त्यांनी आपलं नाव लिहिलं, कागद कलता करून बघितला आणि हसल्या.

"अगं बया! ह्यो तर माज्या लग्नातल्या शालूचा काठ!" पण लगेच बोटानं कड चाचपून म्हणाल्या, "बाई, ह्ये वाळंना की वं. आपली निळीच बरी."

"मावशी, त्या बुकात पहिल्यांदा बाईमाणसाचं नाव चढतंय," मी खेकसले. "ते साध्या शाईत मी चढू देणार नाही."

बिचाऱ्यांनी पुन्हा तेच पेन उचललं.

गुरुवारी सोसायटीच्या खोलीत चाळीसेक माणसं दाटली होती. अध्यक्ष आप्पासाहेबांनी नाव पुकारलं. मावशी पुढं आल्या, माझं पेन घेतलं आणि एकदाही न थांबता सही केली: प्रयागबाई भिमा गावडे. आप्पासाहेबांनी बुक खिडकीकडं कलतं केलं आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मी हिंदुरावांच्या चष्म्याकडं मुद्दाम बघितलं.

आप्पासाहेबांनी बुक पुन्हा मावशींच्या पुढं ठेवलं आणि तिथं घात झाला. तलाठी असो, कोर्ट असो, तीस वर्षं कागद पुढं आला की अंगठा टेकायचा, एवढंच त्या हाताला ठाऊक. मावशींचा डावा अंगठा आपसूक गेला आणि ओल्या सहीवर दाबून बसला. उचलला तेव्हा खाली नाव नव्हतं. हिरवा-सोनेरी फराटा होता आणि त्यात अंगठ्याच्या रेषा.

कुणीतरी फिसकन हसलं. मला रडूच आलं. वाळत नाही म्हणून मावशी सांगत होत्या आणि मी माझाच तोरा मिरवत बसले होते.

"सही गेली, अंगठा ऱ्हायला," हिंदुराव म्हणाले.

"अरं, आमी समद्यांनी बगितली की सही!" आप्पासाहेब म्हणाले.

"बगितल्याला इचारतंय कोन? बुकात ऱ्हाईल ते खरं." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी टाक उचलून फराट्याशेजारी लिहायला घेतलं.

अंगठ्याची रीत अशी, की तो कुणाचा हे लिहिता येणाऱ्या माणसानं शेजारी लिहायचं आणि शेवटी 'दस्तुर' लिहून स्वतःचं नाव घालायचं. म्हणजे अक्षर कुणाचं ते कळतं. हिंदुराव मोठ्यानं म्हणत लिहीत होते, "निशाणी डाव्या हाताचा अंगठा, प्रयागबाई भिमा गावडे. दस्तुर..." आणि टाक दौतीत बुडवायला ते थांबले.

"हितं काय लिवायचं आता?" मावशींनी विचारलं.

"ज्याला लिवता येतंय त्याचं नाव."

"मंग द्या हिकडं."

त्यांनी टाक हिंदुरावांच्या हातातून काढूनच घेतला. डावा हात पाठीमागं नेऊन मूठ आवळली. साध्या निळ्या शाईत, एकेक अक्षर जोर देऊन, 'दस्तुर'च्या पुढं लिहिलं: प्रयागबाई भिमा गावडे. आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत राहिल्या.

आप्पासाहेबांनी बुक हिंदुरावांपुढं सरकवलं. "वाचा मोट्यानं."

हिंदुरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "निशाणी डाव्या हाताचा अंगठा, प्रयागबाई भिमा गावडे," ते पुटपुटले. "दस्तुर... प्रयागबाई भिमा गावडे."

खोली हसून हसून फुटायची बाकी राहिली. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. टाक दौतीशेजारी नीट ठेवून त्यांनी पदर सारखा केला.

"माजी खुर्ची कंची ती दावा," त्या म्हणाल्या. "मेथीच्या भावाचं आजच बोलायचं हाय."