ज्यांनी आसरा दिला असता त्यांनी उभं राहावं

महायुद्धाच्या काळात ज्यू लोकांचा छळ कसा झाला हे लोकांना कळावं म्हणून वाचनालयाच्या अध्यक्षबाई दरवर्षी एक संध्याकाळ राखून ठेवत आणि दरवर्षी शिवणवालीच्या वडिलांनाच बोलावत. दुसऱ्या कुणाला बोलावणार? त्या भागात ज्यूंचं एकच घर उरलं होतं आणि तो काळ भोगलेला म्हातारा त्याच घरात होता. त्यांना कानाने फार कमी ऐकू यायचं, पण बोलायला लागले की सभागृह हलायचं. अध्यक्षबाई त्यांना "आमचे आजोबा" म्हणत, ठेवणीतली कपबशी पाहुण्यांपुढे मांडावी तशा.

यंदा शिवणवालीचं वडिलांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. तिच्या पायाशी एक बॅग होती. त्यात वडिलांची औषधं, दोन स्वेटर आणि त्यांची उशी. आदल्या रात्री कुणीतरी तिच्या घराची पुढची काच फोडली होती आणि दारावर रंगाने लिहिलं होतं, "पुढच्या वेळी आग." पोलीस आले, फोटो काढले आणि "चार दिवस दुसरीकडे राहा" असं सांगून गेले. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सांगणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. वडिलांना तिने यातलं काहीच कळू दिलं नव्हतं. सकाळपासून ती आसरा मागायला गिऱ्हाइकांच्या दारापर्यंत जात होती आणि परत फिरत होती, विचारायला जीभच उचलत नव्हती.

आजोबा सांगत होते. एका लॉन्ड्रीवाल्या बाईने त्यांना मळक्या चादरींच्या ढिगामागे हिवाळाभर लपवलं. आईवडिलांना नेलं ते त्यांना दिसलं नाही, फक्त जिन्यावरचे पाय ऐकू आले. समोर बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी घसे खाकरले.

अध्यक्षबाई माइकपाशी आल्या. "आता प्रत्येकाने आपल्या मनाला विचारा. त्या वेळी तुम्ही असता, तर आसरा दिला असता? ज्यांनी दिला असता त्यांनी उभं राहावं."

खुर्च्या करकरल्या. औषधवाला उभा राहिला, शाळेचे सर उभे राहिले, बघता बघता अख्खं सभागृह उभं राहिलं. सगळ्यांत आधी उठली ती पहिल्या रांगेतली बेकरीवाली, शिवणवालीची शाळेपासूनची मैत्रीण. होऊन गेलेल्या काळात शूर व्हायला काय लागतं! पण शिवणवालीला मात्र हुंदका आला. इतकी माणसं आपली आहेत, आणि आपण दिवसभर उगाच भीत होतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, असं मनाशी म्हणून ती बोलली.

"काल आमची काच फोडली. घर जाळायची धमकी आहे. बाबांना चार दिवस कुणी ठेवून घ्याल? मी कुठेही राहीन, फक्त बाबांना."

मग औषधवाला म्हणाला, "आमच्याकडे नेमके पाहुणे येतायत हो," आणि बसला. सरांचा जिना फार उभा निघाला. कुणाकडे रंगकाम, कुणाकडे परीक्षा. उठताना सगळे झटक्यात उठले होते, बसताना मात्र एकेक करून, खुर्चीचा आवाज न करता बसले.

"तुमचं दुःख कळतं मला," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण आजचा विषय इतिहासाचा आहे. आत्ताची भांडणं यात नकोत."

बेकरीवाली तेवढी उभी होती. ती मैत्रिणीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "चल गं. मागच्या पिठाच्या खोलीत खाट टाकते. दुकान चालू असताना बाबांनी बाहेर यायचं नाही. आणि कुणाला कळता कामा नये. मलाही पोरंबाळं आहेत." तिने बॅग उचलून खांद्याला लावली. शिवणवालीने तिचा हात घट्ट धरला.

अध्यक्षबाईंचे कान मात्र तिखट. "बघा!" त्या माइकवर कडाडल्या. "इतिहासातून शिकणं म्हणतात ते हे! आपल्या बेकरीवाल्या ताई आजोबांना दुकानामागच्या खोलीत ठेवून घेतायत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नको नको म्हणेपर्यंत बाईंनी तिघांचा फोटो काढला आणि मजकुरासकट भागातल्या सगळ्यांना पाठवून दिला. सभागृहभर फोन वाजले.

बेकरीवालीचा फोन वाजतच राहिला. शाबासकी, फुलांची चित्रं, जोडलेले हात. मग एका अनोळखी नंबरवरून एकच ओळ आली. तिने फोन मैत्रिणीपुढे धरला. "पिठाचं दुकान छान पेटतं."

"तूच सांग, मी काय करू?" बेकरीवाली म्हणाली. मग तीच उसळली, "चारचौघांत विचारायची काय गरज होती तुला? माझ्या घरी येऊन विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का?" तिने खांद्यावरची बॅग काढून शिवणवालीच्या पायाशी ठेवली आणि कुणाकडे न बघता निघून गेली. शिवणवालीला तिचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज, जणू काच आपणच फोडली होती.

लोक पांगले. आजोबा अजून दाराशी उभं राहून हस्तांदोलन करत होते. अध्यक्षबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, पुढच्या वर्षी मोठं सभागृह घेऊ म्हणाल्या आणि दिवे बंद करायला गेल्या.

"पाहिलंस?" आजोबा लेकीला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "सगळे उभे राहिले गं. काय चांगली माणसं आहेत! आता मी मेलो तरी मला तुझी काळजी नाही."

"हो बाबा," ती म्हणाली. तिने त्यांच्या कोटाची बटणं लावली, बॅग उचलली आणि त्यांना घरी घेऊन गेली.