पाळण्यासाठी बांधलेलं वर्कशॉप

त्या दिवशी चैत्राचं ऊन असं पडलं होतं की परभणीच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उभ्या रिक्षांच्या सावलीत गपगार पडली होती. वारा म्हणाल तर होता, पण तव्यावरून उठल्यासारखा. अशा उन्हात चौघांनी मला टेम्पोतून उतरवलं आणि व्यंकटरावांच्या अंगणात आडवं टाकलं. चौघांचेही हात पोळले, चौघांनीही मला शिव्या दिल्या. लोखंड उन्हानं तापतं, त्यात लोखंडाचा काय गुन्हा?

मी खांब बोलतोय. निजामाच्या वक्तातला. मानवतच्या एका जिनिंगात माझी सारी हयात गेली. कापूस यायचा, सरकी निघायची, गाठी जायच्या. मी शिकलेला नाही. शाळांनाही खांब असतात म्हणे, पण मला त्या बाजूला कुणी नेलं नाही. पुढं जिनिंग बंद पडलं. यंत्रं गेली, पत्रे गेले, शेवटी मीही भंगारवाल्याच्या काट्यावर चढलो. तिथं व्यंकटरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "असं लोखंड आता मिळत नाही." म्हातारपणी असं कुणी म्हटलं की बरं वाटतं. हे गृहस्थ जे जे विकत घेतात त्याला हेच म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

व्यंकटराव एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. हाताला पेनाशिवाय दुसऱ्या हत्याराची ओळख नव्हती. पण मोबाईलवर कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं घरामागं लोखंडी शेड मारून खुर्च्या काय, फाटकं काय, स्वतः बनवतात, ते बघून बघून त्यांच्या बोटांना खाज सुटली होती. त्यातच मुलीचा, प्राचीचा, सासरहून फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. त्याच फोनवर सेलूच्या विहीणबाईंनी सहज विचारलं, "बारशाला पाळणा आम्ही आणू का?"

व्यंकटराव खुर्चीत ताठ झाले. "पाळणा आजोळचा असतो, विहीणबाई. आणि विकतचा नाही बरं का. मी स्वतःच्या हातानं लोखंडी पाळणा बनवणार. तुम्ही फक्त जेवायला या."

त्यांच्या कुटुंबानं, सुमंगलाबाईंनी, स्वयंपाकघरातून आवाज दिला. "अहो, तुम्ही बसलात ती खुर्ची डुगडुगायलीय. तिचा स्क्रू आवळा आधी."

"त्यासाठीच तर वर्कशॉप पाहिजे," व्यंकटराव म्हणाले. "आधी व्यवस्था, मग काम."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ह्याच वाक्यावर उभा आहे. पाया नंतर खणला.

शेड मारणारा सिद्धोधन. त्यानं अंगण बघून सांगितलं, चार पाईप, वर पत्रा, सत्तर हजारात काम होतं. व्यंकटरावांनी कचेरीच्या शिस्तीप्रमाणं आणखी दोघांची कोटेशनं मागवली, महिनाभर घासाघीस केली आणि काम सिद्धोधनलाच दिलं. तोवर पत्र्याचा भाव चढला होता.

मग मातीनं तोंड उघडलं. सिद्धोधननं टाचेनं जमीन उकरली. "साहेब, ही काळी माती. उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती. खाली मुरूम भरल्याबगर शेड सरळ ऱ्हायचं न्हाई." हे खोटं नव्हतं. खड्डे खणले, मुरूम आला, गिट्टी आली आणि पन्नास हजार तर जमिनीखालीच गाडले गेले. "दिसत नाही, पण मजबूत आहे," असं व्यंकटराव येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. न दिसणाऱ्या गोष्टीची तारीफ करायला माणसाला फार आवडतं. तपासायला कुणी येत नाही.

मला मधोमध उभं केलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारचे किशनराव भिंतीवर कोपर टेकून बघत होते. मूळचे पेडगावचे, शेत पोराच्या हवाली करून परभणीत राहायला आलेले. त्यांना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता.

"काय व्यंकटराव, पाळणा कुठवर आला?"

"पाया झाला."

"पाळण्याला पाया लागतो व्हय? आमी येडेच मग. हवेत टांगत होतो!"

वर पत्रा पडला आणि नवीनच गंमत झाली. दुपारी आत पाऊल ठेवता येईना. परभणीचा उन्हाळा आणि पत्र्याचं शेड! सुमंगलाबाईंनी एक दिवस आत गुपचूप कुरडया पसरल्या. दोन तासांत कडकडीत. "चला, एवढं तरी कामाला आलं," त्या म्हणाल्या. व्यंकटरावांचं डोकं फिरलं. "अगं, हे वर्कशॉप आहे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याखाली चंदेरी कागद मारून घेतला, कागद दिसू नये म्हणून फळ्या, आणि वर कूलर. कूलरची ओल हत्यारांना लागून ती गंजू लागली, म्हणून काचेचं कपाट. खिळा खाली पडला तर मुरमात सापडायचा नाही, म्हणून पांढऱ्या फरश्या. फरश्या मळू नयेत, म्हणून दारात पाटी: चपला बाहेर काढाव्यात.

तुम्हीच सांगा, मी जिनिंगातला माणूस. अनवाणी पायांनी शिरायचं वर्कशॉप माझ्या बापजन्मात पाहिलं नव्हतं.

स्कूटरही आतच उभी राहणार होती. पण चाकांचे डाग पडतात म्हणून ती बिचारी बाहेर उन्हात. मग दारावर कॅमेरा बसला. सुमंगलाबाईंनी विचारलं, "चोरणार काय?" म्हणे, हत्यारं. खरं तर चोरानं नेली असती तर निदान ती वापरली तरी गेली असती.

आठवा महिना लागला तशी प्राची माहेरी आली. चपला काढून, कमरेवर हात ठेवून सावकाश आत शिरली. चकचकीत पाने-पकडी, अजून कोऱ्या वेष्टनातलं वेल्डिंगचं मशीन, भिंतीवरचं पाळण्याचं रंगीत चित्र, सगळं बघितलं. माझ्या अंगाला टेकून उभी राहिली.

"बाबा, पाळणा?"

"आता व्यवस्था पूर्ण झाली बघ, बाळा."

"मी सासरी सगळ्यांना सांगून बसलेय. नणंद रोज चिडवते, वहिनी, तुमच्याकडं पाळणा बनवायलेत का कारखाना? मी म्हणते, बघाच तुम्ही, माझे बाबा बोलले की करतात." तिनं भिंतीवरच्या चित्राकडं बोट केलं. "मला तोंडघशी पाडू नका हं, बाबा."

व्यंकटरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याच दिवशी पाईप आणले. पण पितृपंधरवडा चालू होता, नव्या कामाला हात कसा लावायचा? पंधरवडा संपला तर घरात घट बसले. मग खंडेनवमी आली. व्यंकटरावांनी सारी हत्यारं धुऊन, पुसून, माझ्या पायाशी मांडली आणि झेंडूची फुलं वाहिली. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. ह्यांच्या हत्यारांनी तर बारा महिने खंडेनवमीच पाळली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि प्राचीला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. आता सोयर, मग पुन्हा तीन दिवस हात बांधलेले. काम पुढं ढकलायला आपल्या पंचांगाइतका सोयीचा सोबती नाही.

सोयर फिटलं आणि व्यंकटरावांनी एकदाचं मशीन उघडलं. डोक्यावर मुखवटा, हातात मोजे, अंगात चामडी पेहराव. चंद्रावर निघालेला माणूस दिसत होता. वेल्डिंगची कांडी पाईपला लावली. ठिणगी उडाली, कांडी चिकटली, सुटेना. सोडवली तर जोड निखळला. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तेच. एक जोड कसाबसा बसला, तर सुमंगलाबाईंनी नुसतं बोट लावलं आणि पाईप टणकन फरशीवर पडला. फरशी फुटली.

"पावणेतीन लाख घातले ह्या डब्यात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बाजारात अडीच हजाराला पाळणा मिळतो. उद्या बारसं आहे. जा, घेऊन या."

"आणि विहीणबाईंना काय सांगू?"

तेवढ्यात आपल्या राहिलेल्या मजुरीसाठी सिद्धोधन आला. त्यानं पडलेले पाईप बघितले. "साहेब, बाजूला सरा. दोन घंट्यांत जोडून देतो. तुमीच केला म्हना, मी कुनाला सांगत न्हाई."

व्यंकटरावांनी खाली पडलेला एक पाईप उचलून हातात धरला. मग म्हणाले, "नको. मी हातचा म्हणालो होतो. पोरीला खोटं कसं सांगू?" त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. तो पुरता वाटून होतो न होतो तोच ते म्हणाले, "सिद्धोधन, ह्याच्यापेक्षा चांगलं मशीन येतं का रे?"

बारशाच्या सकाळी सेलूची मंडळी आली. चहा झाला, विहीणबाई उठल्या. "चला, पाळणा बघू." व्यंकटराव पुढं, मागं सगळा घोळका. दारात कुणी चपला काढल्या, कुणी नाही. व्यंकटरावांनी पाटीकडं बोटही दाखवलं नाही. आत चार पाईप, फुटकी फरशी आणि भिंतीवरचं चित्र. नणंदेनं पदर तोंडाला लावला. व्यंकटराव पुढं होऊन फुटकी फरशी पायानं झाकायला लागले. सगळ्या नोकरीत ज्यानं कधी उत्तर द्यायचं ठेवलं नाही, तो माणूस लेकीकडं बघायलाही धजत नव्हता.

प्राची बाळाला घेऊन पुढं आली. क्षणभर तिचेही डोळे भरले होते, पण तिनं मान वर केली. "आई, तुझं मऊ लुगडं आण, झोळी करू. आणि बाबा, दोर तुम्ही बांधा. गाठ तरी येते ना तुम्हाला?"

गाठ येत होती. फायलींना बांधून बांधून बोटं सरावली होती. एक टोक माझ्या गळ्याशी, दुसरं खिडकीच्या गजाला. व्यंकटरावांनी दोनदा ओढून बघितलं, तिसऱ्यांदा आपला सगळा भार टाकून बघितलं. मला हे काम नवं नव्हतं. जिनिंगात सरकी निवडणाऱ्या बाया आपली लेकरं माझ्याच आधारानं निजवायच्या. मी उभा राहिलो, जसा नेहमी राहतो. बायांनी बाळाला झोळीखालून दिलं, वरून घेतलं, कानात नाव सांगितलं: ईश्वरी. विहीणबाई पाळणा म्हणायला लागल्या आणि नणंदही त्यात मिळाली.

तेव्हापासून झोळी इथंच आहे. कपाटाला कुलूप आहे, मशीनवर पुन्हा वेष्टन चढलंय. दुपारी कूलर लागतो तो बाळासाठी. तुमच्यापैकी कुणी घरी वर्कशॉप बांधायला निघाला असाल तर बांधा बापहो, मी कोण अडवणार? फक्त भंगारातून खांब आणाल तर त्याला आधी विचारा, त्यानं आयुष्यात काय काय पेललंय.

बारशाच्या त्या दिवशी मंडळी जेवायला गेली. व्यंकटराव एकटेच झोळीपासून हातभर अंतरावर, अपराध्यासारखे उभे होते. किशनराव चपलांसकट फरशीवर आले, झोळीत डोकावले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले:

"व्यंकटराव, लुगडं टांगायला पावणेतीन लाखांची खुंटी! समद्या जिल्ह्यात न्हाई बगा अशी. आता दूर काय उभे ऱ्हायलात? झोका तरी द्या की तुमच्या हातानं."