मुडद्याची सासू

माझा जावई मरायला जायचा आणि त्यावर घर चालायचं. शिव्या देत नाहीये मी, त्याचा धंदाच तो होता. तो गाणी म्हणायचा. म्हणजे किंचाळायचा. तोंडाला पांढरं फासून, डोळ्यांभोवती काळं करून तास-दीड तास किंचाळायचा आणि शेवटी स्टेजवर सगळ्यांच्या देखत त्याचं मुंडकं उडवलं जायचं. पोस्टरवर नाव काय, तर ‘मुडदा’. लेकीनं लग्न ठरवलं तेव्हा मुलगा गिटार वाजवतो, एवढंच आमच्या कानावर घातलं होतं.

पहिल्यांदा बघायला गेले ती एका बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात. तेव्हा मुंडकं वगैरे काही नव्हतं, नुसतं रक्त होतं. त्यानं एका बाहुलीचं पोट दातांनी फाडलं आणि आतलं लाल पाणी पुढच्या रांगेवर थुंकला. मी पदरानं तोंड झाकून घेतलं. पण लोक? पुढे एक चांगल्या घरची दिसणारी मुलगी होती. तिनं तोंडावरचं पुसलंसुद्धा नाही, उलट मैत्रिणीला कौतुकानं दाखवत होती. अगं बये, घरी तुझी आई काळजी करत असेल ना! मी लेकीकडे पाहिलं, तर ती टाळ्या वाजवतेय. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नाही.

माझी लाँड्री आहे, त्यामुळे त्या रक्ताबद्दल जगात कोणी बोलायचं तर मीच. साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. शर्टाच्या कॉलरी पुठ्ठ्यासारख्या कडक व्हायच्या. दुकानभर मुंग्या. गिऱ्हाईक विचारायचं, काकू, हे काय सांडलंय? मी सांगायचे, जावयाचं रक्त. त्यावर पुढे कोणी काही विचारत नसे.

आमचे हे सुतार. दारं-खिडक्या करणारे, सरळमार्गी माणूस. मला वाटलं, हे तरी जावयाला चार शब्द सुनावतील. कसलं काय! यांनी एक दिवस त्याला बोलावून सांगितलं, “नुसतं लाल पाणी काय उडवता लहान मुलांसारखं? काहीतरी नीट बनवू या.” झालं, जमली जोडी. मागच्या शेडमध्ये दार लावून दोघांची ठोकाठोक सुरू झाली आणि बाहेर आलं ते मान कापायचं यंत्र. वर हे एवढं पातं, खाली मान ठेवायला खाच, पुढे टोपली. आणि हे त्यावर पॉलिश मारत शीळ घालत होते!

आत काय करामत आहे ते दोघांशिवाय कोणाला म्हणजे कोणाला ठाऊक नव्हतं. शपथच घेतली होती म्हणे. मी विचारलं की हे म्हणायचे, “धंद्याचं गुपित असतं ते.” अहो, पण मी बायको ना तुमची? “म्हणूनच,” म्हणायचे आणि हसायचे. तेव्हा मी आपली प्रत्येक वेळी डोळे गच्च मिटून बसायची आणि पातं पडल्याचा धाडकन आवाज आला की लेकीचा दंड आवळायची.

त्या यंत्रानं जावयाचं नशीब उघडलं. थिएटरातून मोठे हॉल, हॉलमधून मैदानं. एका वर्तमानपत्रानं ‘हा माणूस तरुण पिढीला नासवतोय’ असं पहिल्या पानावर छापलं आणि त्याच दिवशी तिकिटं संपली. त्याचा मॅनेजर जल्लादाचा काळा झगा घालून यंत्राशी उभा राहायचा. हजारो लोक ओरडायचे, “काप! काप!” चांगले शिकलेले, चष्मे लावलेले लोक! मॅनेजर दोरी सोडायचा, डोकं टोपलीत पडायचं, ते केसांना धरून तो सगळ्यांना दाखवायचा. मग अंधार. मग हळूहळू कुठूनतरी पाय आपटायला सुरुवात व्हायची आणि सगळं मैदान एका सुरात, “ऊठ! ऊठ! ऊठ!” आणि पांढऱ्या कपड्यांत, धडावर डोकं शाबूत, जावईबापू खालून वर यायचे. लोक रडायचे हो आनंदानं. मी डोक्याला हात लावायची, पण खरं सांगते, माझाही जीव तेव्हाच भांड्यात पडायचा.

ठकी याच सगळ्यात वाढली. ठकी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलेलं. ती स्टेजच्या बाजूला त्यांच्या मांडीवर बसून बापाचं मरण बघायची आणि सगळ्यांबरोबर पाय आपटून “ऊठ! ऊठ!” करायची. शाळेत बाईंनी विचारलं, आज बाबा का नाही आले? तर म्हणाली, “मरायला गेलाय. जेवायच्या वेळेपर्यंत येईल.” बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मुलीला नीट समजावा, म्हणाल्या. काय समजावणार? आम्हालाच कुठे काय माहीत होतं! आणि ज्यांना माहीत होतं ते दोघं गप्प.

मग ती सकाळ. हे बूट घालायला खुर्चीत बसले. एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तसेच राहिले. मी स्वयंपाकघरातून दोन हाका मारल्या, तिसऱ्या हाकेला चिडून बाहेर आले. अहो, उशीर होतोय ना तुम्हाला, म्हणाले. खांद्याला हात लावला, तर मान एका बाजूला कलली.

डॉक्टर येऊन गेले. शेजारी जमले. यांना पलंगावर ठेवलं होतं, सगळे गप्प उभे होते. आणि त्या शांततेत ठकी पुढे झाली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून आजोबांकडे जरा वेळ बघितलं आणि पाय आपटायला लागली. “ऊठ! ऊठ! ऊठ!”

शेजारची बाई तोंडावर हात ठेवून मागे सरली. लेक धावली, तिनं ठकीच्या तोंडावर हात दाबला, तर ती चावली तिला. “सोड ना आई! मध्येच थांबलं तर कसा उठेल तो?” मी भिंतीला धरून उभी होते. जावई दारात होता. रंग न लावताही त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यभर मेलेला हा माणूस, पण खरं मेलेलं कोणी त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो तसाच बाहेर निघून गेला.

यांना नेलं त्या दिवशी आणि पुढेही ठकी रडली नाही. ते मला जास्त लागत होतं. तो दुसरा बूट तिनं उशाशी ठेवला होता. जेवायला बसवलं की म्हणायची, आजोबा उठला की त्याच्याबरोबर जेवेन. दोन घास पोटात जाईनात. पोर सुकायला लागली. आणि एक दिवस ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, मला कळलं काय झालं ते. आपण फार कमी होतो. शेजारचे तर कोणी ओरडलेच नाहीत. तुझ्यासाठी केवढे लोक असतात! तू तुझ्या लोकांना सांग ना आजोबासाठी ओरडायला.”

मी इस्त्री करत होते. आता तरी हा बोलेल, मला वाटलं. आणि हा शहाणा काय म्हणाला? “बघू.”

बघू! लहान मुलाला बघू म्हणजे हो. ती उड्या मारत आईला सांगायला गेली की रविवारच्या खेळात आजोबा उठणार. मी इस्त्री आपटली. “जावईबापू, अक्कल गहाण टाकलीत का? सांगा तिला सरळ!”

“काय सांगू, आई?” तो म्हणाला. “ते मेले म्हटलं तर ती म्हणते, मग काय झालं, तूही मरतोस. तिला खरं सांगायचं तर मी कसा उठतो तेच सांगावं लागेल. ती शाळेत सांगेल. दुसऱ्या दिवशी गावभर होईल. मग कोण येणार मला बघायला? मला दुसरं काही येत नाही हो.” मॅनेजरनं तर त्याला बजावूनच ठेवलं होतं, तोंड उघडलंस तर मी चाललो. पोर उपाशी आणि यांना धंद्याची पडलेली. पण त्याचे डोळे भरलेले पाहून मी पुन्हा इस्त्री हातात घेतली.

रविवारी रात्रीचा खेळ होता. ठकी तो बूट पोटाशी धरून माझ्याबरोबर स्टेजच्या बाजूला उभी. “उठल्यावर लागेल ना त्याला,” म्हणाली. लेक प्रेक्षकांत जाऊन बसली होती, तिच्यानं हे बघवेना. गाणी झाली, काप काप झालं, पातं धाडकन पडलं. मॅनेजरनं डोकं दाखवलं. अंधार. पाय आपटायला लागले. “ऊठ! ऊठ! ऊठ!” पायाखालच्या फळ्या थरथरत होत्या. ठकी डोळे मिटून, मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती.

आणि जावई उठला नाही.

मॅनेजर इकडेतिकडे बघायला लागला. लोक आणखी जोरात ओरडले. मग त्यातले काही गप्प झाले. यंत्र नेहमी आमचे हे तपासायचे, खेळाआधी दोनदा तपासायचे! आज कोणी तपासलं? मी ठकीला तिथेच उभं केलं आणि जिन्यावरून स्टेजखाली धावले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी काही कळलं नाही.

खाली लाकडी खोक्यात तो अंगाचं मुटकुळं करून पडला होता. मान जागेवर होती. जिवंत होता. माझ्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी डोकं भडकलं. “अहो, उठा की! लोकांचे प्राण कंठाशी आलेत!”

“आई, तिचा आवाज येतोय मला,” तो म्हणाला. पांढऱ्या रंगातून पाण्याचे ओघळ आले होते. “एवढ्या आवाजात तिचा ओळखू येतो. ती मला नाही उठवत आहे. मी आता वर गेलो की ती म्हणणार, बाबा उठला, आता आजोबा. मी कसा उठू?”

“म्हणून इथे पडून राहणार आहेस?” आयुष्यात पहिल्यांदा मी जावयाला अरे-तुरे केलं. “पोर वाळत चाललीय माझी! चल, वर हो आणि सांग तिला!”

तो वर गेला. पांढरे कपडे न घालता, तसाच घामेजल्या शर्टात. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्यानं हात वर केला आणि ठकीला बोलावलं. ती धावत गेली, मागे वळून बघत, आजोबा कुठून येतोय ते. त्यानं तिला यंत्राशी उभं केलं. गळ्यातला माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं सगळ्यांनी ऐकलं.

“हे बघ. इथे ही कळ आहे. आजोबांनी केलीय. ही दाबली की खालची फळी सरकते आणि माझी मान खाली जाते. पातं रिकाम्या जागेतून पडतं. टोपलीत पडतं ते डोकं मेणाचं.” त्यानं ते उचलून तिच्यापुढे धरलं. मग स्वतः मान ठेवून, कळ दाबून दाखवली. मॅनेजर ओरडत होता, “पडदा पाडा! अरे, कोणीतरी पडदा पाडा!” पण पडदा पाडणारासुद्धा आ वासून बघत होता. एक फळी! एवढंच? यासाठी मी इतकी वर्षं डोळे मिटून बसायची?

“म्हणजे तू मरत नव्हतास?” ठकीनं विचारलं.

“नाही.”

“एकदापण?”

“एकदापण नाही. मी खोटं मरायचो. आजोबांचं खरं आहे, ठके. ते उठणार नाहीत. कितीही लोक ओरडले तरी नाही उठणार.”

मग तिनं हातातला बूट सगळी ताकद लावून त्याच्या तोंडावर फेकला. त्याचा ओठ फुटला. हनुवटीवरून रक्ताची एक बारीकशी धार आली. आणि बादलीभर रक्तात न्हाऊन निघायला पैसे मोजणारी ती पुढची रांग, ती एवढ्याशा रक्तानं चटकन मागे सरकली. कोणीतरी “अगं बाई” म्हणालं. आणि ठकी रडायला लागली, भोकाड पसरून, इतक्या दिवसांचं. तो ओठ न पुसता तिला घेऊन खाली बसला.

धंदा बसला. बसणारच होता. मॅनेजर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे गेला. उघडं पडलेलं गुपित बघायला कोण येतंय? जावई आता इतर गायकांच्या मागे, अंधारात उभा राहून गिटार वाजवतो. बरी वाजवतो. त्याचे शर्ट आता एका धुण्यात स्वच्छ निघतात.

पण त्या रात्री परत येताना गाडीत ठकी माझ्या मांडीवर पडली होती. हुंदके थांबले होते. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

“आजी, अंधारात तू पण ओरडत होतीस. माझ्यापेक्षा जोरात. मी ऐकलं.”

“हो.”

“बाबासाठी?”

मी तिच्या केसांतून हात फिरवला.

“नाही गं,” मी म्हटलं.