होडीत न चालणारं आडनाव

कोळ्यांच्या रिबालेऱ्या गावच्या धक्क्यावर तेल्वानं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला, एवेलिओला, बसमधून उतरवून घेतलं. पोरगा देखणा, कामसू, डोंगरापलीकडच्या लेओनचा. खोट एकच, आडनाव रापोसो.

रापोसो म्हणजे कोल्हा. दर्यावर जाणारा माणूस हे नाव तोंडातून काढत नाही, काढलं की जाळं रिकामं येतं. चुकून कानावर पडलंच, तर लोखंडाला हात लावायचा.

"नाव काय म्हणालास?" तेल्वाचा बाप शुआकु, होडीचा तांडेल, यानं विचारलं.

"एवेलिओ रापोसो."

धक्क्यावरचे खलाशी लोखंडी खुंटांकडे धावले. शुआकुनं तर नांगरालाच मिठी मारली.

"बाबा, आपण जमिनीवर आहोत!"

"जमिनीवर पोरगा झकास आहे, पोरी. पण उद्या खलाशांच्या कारमेन माउलीची दर्यावरची मिरवणूक. ह्याला होडीत कसा घेऊ? माझी माणसं पाण्यात उड्या टाकतील!"

तेल्वाचे डोळे भरून आले. माउलीच्या दिवशी तांडेल ज्याला हात देऊन होडीत घेतो, तो घरचा. ज्याला धक्क्यावर ठेवतो, तो पाहुणा. आणि पाहुण्याला परतीची बस असतेच.

"मग आडनाव सोडतो," एवेलिओ म्हणाला.

"इथं आडनावानं ओळखतंय कोण?" तेल्वा म्हणाली. "बाबांना सगळा गाव खेकडा म्हणतो, टपालवालासुद्धा. पण तसलं टोपणनाव मागून मिळत नाही रे. गावाच्या तोंडातून आपसूक यावं लागतं."

तो हिरमुसला होऊन जाळी सांधणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभा राहिला. त्यांतल्या रुफामावशीनं त्याच्या हातात सुई दिली.

"खांबासारखा उभा काय राहतोस, जावईबापू? बैस. हे भोक तुझं."

बसला. मान खाली घालून, जीभ दातांत धरून गाठीवर गाठ मारत राहिला. निळा दोरा, निळं पाणी, मधे त्याचा हिरवट पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. जेवणाची वेळ झाली तसा तो उठला आणि त्याच्यासोबत अख्खं जाळंही उठलं. पठ्ठ्यानं स्वतःची बाही जाळ्यात सांधून टाकली होती! धडपडला, गुरफटला, आडवा झाला, पाय झाडायला लागला.

"अगं बायांनो, बांगडा!" रुफामावशी किंचाळली. "पट्ट्यांसकट बांगडा!" आणि तिथल्या तिथं तिनं जुळवलं,

"जाळं सांधलं दर्याच्या निळ्या दोऱ्याचं,
त्यात घावलं गं पोर डोंगराचं!"

बायका हसून हसून लोळल्या. तेल्वा बाही उसवत होती, स्वतःही हसत होती. संध्याकाळी पाववाली तिला विचारत होती, "काय गं, बांगडा जेवला का?"

सकाळी होड्या पताकांनी नटल्या. पोरंबाळं, म्हाताऱ्या, फुलांच्या परड्या, सगळं चढलं. तेल्वा मात्र एवेलिओचा हात धरून धक्क्यावरच उभी. तो राहिला तर तीही राहणार होती. दोर सोडायला घेतला. शुआकुनं आभाळाकडं पाहिलं, खलाशांकडं पाहिलं. ते गालातल्या गालात हसत होते.

"ए बांगड्या!" तो गरजला. "माउली काय तुझ्यासाठी खोळंबणार आहे? आण तो हात!"

एवेलिओनं एका ढांगेत होडी गाठली, मागोमाग तेल्वानं. बंदराचं तोंड ओलांडलं, पहिली लाट आली, आणि नवा जावई ओकायला कठड्यावर ओणवा झाला. एका हातानं शुआकुनं सुकाणू धरलं होतं, दुसऱ्या हातानं जावयाचा कमरपट्टा.