साखर न खाणाऱ्या मुंग्या

"वळली का? वळली का?"

सभागृहातली दीडशे माणसं एका काचेच्या पेटीकडे टक लावून बघत होती. पेटीत बशी, बशीत माझ्या ताईच्या लघवीचे चार थेंब आणि भोवती तीसेक काळ्या मुंग्या. महिन्यापूर्वी, पहिल्या तपासणीला, मुंग्या या थेंबांवर तुटून पडल्या होत्या. आज एकीनेही ढुंकून पाहिलं नाही.

"साखर गेली!" मुंगीबाबा गरजले. "मुंगी खोटं बोलत नाही माते, डॉक्टरचं यंत्र बोलतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महिनाभर बाबांची पुडी घेतलेली ताई ढसाढसा रडली आणि तिने आपली इन्सुलिनची सुई सेवेकऱ्याच्या टोपलीत टाकली. टोपलीत आधीच बऱ्याच सुया होत्या.

मी घड्याळं दुरुस्त करतो आणि मुंग्या पाळतो. डोळ्याला लावायचं भिंग दोन्हीकडे चालतं. घराच्या आसपासच्या एकोणीस जाती मी ओळखल्यात. त्यातल्या सहा माझ्या दुकानात काचनळ्यांत नांदतात. सवयीने भिंग लावून मी पेटीवर वाकलो. लांब जबडे, चिंचोळं अंग, कमरेला एकच गाठ. ही शिकारी मुंगी. वाळवी खाते, माश्या खाते, साखरेच्या वाटेला जात नाही. महिन्यापूर्वीची मुंगी वेगळीच होती.

मग मी पेटी धरलेल्या टकल्या सेवेकऱ्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी हाच माझ्याकडे घड्याळाचा पट्टा बदलायला आला होता. नळ्या बघून म्हणाला होता, "साखर न खाणारी मुंगी असते का हो?" आम्हा छंदिष्टांना असं कोण विचारतं? मी तासभर बोललो, आणि वर एक नळी भरून मुंग्या दिल्या.

"जरा साखर आणा कुणीतरी!" मी ओरडलो. एका बाईने वाटीभर आणली. मी चमचाभर पेटीत ओतली. मुंग्या वळसा घालून निघून गेल्या.

"काय बाबा, साखरेतलीही साखर गेली का?"

"परक्याच्या हातचं त्या खात नाहीत," बाबा म्हणाले.

मी खिडकीतली मेलेली माशी आत टाकली. मुंग्यांनी ती क्षणात ओढून नेली.

"मग माशी काय घरच्या हातची होती?" एका आजोबांनी विचारलं आणि हशा पिकला. काही जणांनी टोपलीतून आपापल्या सुया उचलल्या. बाबा आणि टकल्या मागच्या दाराने पसार झाले.

ताई मात्र जागची हलली नाही.

"ताई, त्या मुंग्या माझ्या आहेत गं. मीच दिल्या त्याला."

"बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बरी म्हणालं," ती म्हणाली. "तेही तुला बघवलं नाही."

सुई सोडून आज नववा दिवस. डॉक्टर घरी येऊन गेले, तिने खोलीचं दार उघडलं नाही. न्हाणीघरात साध्या मुंग्यांची रांग लागली आहे. हाताला धरून दाखवली, तर म्हणते, "ह्या साध्या. त्या सिद्ध होत्या."

मुंगीला आपली भूक कळते, माणसाचा आजार नाही. तुमच्या घरात कुणी असं बरं झालं असेल, तर आजच रक्त तपासून घ्या, आणि तोवर औषध बंद करू देऊ नका. मला उशीर झाला. नवी सुई फ्रीजमध्ये तशीच आहे, आणि सकाळपासून ताईने सातव्यांदा पाणी मागितलं आहे.